वाट आणि वहिवाट

गोव्याला जायचे म्हटले की आजच्या मुंबईकराच्या डोळ्यांपुढे पनवेल, चिपळूण, रत्नागिरी ही कोकण रेल्वेची स्थानके उभी राहतात. पण कोकण रेल्वे पुरी झाली ती १९९८ साली. त्याआधी मुंबईहून आगगाडीने गोव्याला जायचे तर आमच्या लोणावळ्यावरूनच जावे लागे. १८६३ पासून आगगाडी बोरघाट चढू लागली होती. घाट चढून आलेला उतारू पुण्याला उतरे, तिथे मीटरगेजच्या डब्यात बसे, आणि मिरज, बेळगाव, लोंढे करीत कॅसलरॉकला पोचे. सरहद्दीवर सामानाची उलथापालथ होई, आणि मग दूधसागरच्या धबधब्याला वळसा घालून गाडी पोर्तुगिजांच्या मुलखात उतरे.

१९५५ साली ही गाडी बंद झाली. आणि नेमक्या त्याच साली गोव्यात एक विमान कंपनी निघाली! जमिनीवरची वाट मिटली आणि आकाशातली उघडली. या दोन गोष्टींचे एकमेकींशी काय नाते होते, आणि त्या आकाशातल्या वाटेचे पुढे काय झाले, ही कहाणी मोठी बोधप्रद आहे. गोवामुक्तीचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. या विमान कंपनीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

कहाणीला हात घालण्यापूर्वी एका शब्दाची ओळख करून द्यायला हवी. मी मराठीचा मास्तर. शब्दावाचून माझे पाऊल पुढे पडत नाही, त्याला इलाज नाही. तो शब्द म्हणजे 'वहिवाट'. अंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळ यांतल्या कोणत्याही गावी जा. शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेचा तंटा तुम्हाला हमखास ऐकू येईल. एकाच्या शेतातून दुसऱ्याची वाट जाते. बापजाद्यांपासून बैलगाडी तिथूनच गेलेली असते. एके दिवशी पहिला शेतकरी काटेरी कुंपण घालतो, आणि दुसरा वडगावच्या तहसील कचेरीत धाव घेतो. तिथे १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली प्रश्न निघतो तो असा, की वहिवाट होती की नव्हती? कागदावर वाट असो वा नसो, पायांनी ती पाडली होती काय? वाट कुणालाही आखता येते; वहिवाट मात्र पडावी लागते, आणि ती पडायला दोन्ही बाजूंचा रुकार लागतो. ज्याच्या शेतातून जायचे त्याने वर्षानुवर्षे 'जा बाबा' म्हटलेले असावे लागते.

हा बांधावरचा प्रश्न एकदा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत जाऊन पोचला होता, असे सांगितले तर नवल वाटेल. पण तसे घडले खरे. आणि त्या खटल्याचे एक मूळ आपल्या पुण्यातच होते.

पोर्तुगिजांनी गोवा जिंकले १५१० मध्ये. दीवला त्यांनी १५३५ साली पाय रोवला, आणि दमण घेतले १५५९ साली. यांपैकी दीव हे सौराष्ट्राच्या किनाऱ्याला चिकटलेले खरेखुरे बेट. गोवा आणि दमण यांना एका अंगाला समुद्र आणि बाकीच्या बाजूंना हिंदुस्थान. म्हणजे एका अर्थी तीही बेटेच, फक्त जमिनीने वेढलेली. चौथा तुकडा दादरा आणि नगर हवेलीचा. हा दमणपासून थोड्याच कोसांवर, पण पुरता आत. समुद्राचे तोंडही न पाहिलेला.

हा चौथा तुकडा पोर्तुगिजांना दिला तो पेशव्यांनी. १७७९ हे साल मावळातल्या माणसाला विसरता येत नाही. त्या वर्षीच्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली, आणि वडगावला मराठ्यांनी तिला असे कोंडले की इंग्रजांना तहावर सही करावी लागली. वडगावात महादजी शिंद्यांचे स्मारक आहे ते त्याच पराक्रमाचे. इंग्रज एवढ्याने स्वस्थ बसणार नव्हते. तेव्हा त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या टोपीकराचे सख्य राखणे पुणे दरबाराला सोयीचे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याला पोर्तुगिजांशी तह झाला, आणि दमणजवळच्या गावांचा वर्षाला बारा हजार रुपये वसूल त्यांना तोडून देण्याचे ठरले. पुढे १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नगर हवेली आणि दादरा त्यांच्या हाती गेले. पुढे मराठ्यांचे राज्य गेले, इंग्रज आले. ते तुकडे मात्र पोर्तुगिजांकडेच राहिले. दमणचा कारकून दादऱ्याला जायचा तो मधल्या इंग्रजी मुलखातून. सव्वाशे वर्षे असे चालले. वहिवाट पडली!

१९४७ साली इंग्रज गेले, पण पोर्तुगीज हलेनात. १९५१ साली त्यांनी घटना बदलून या वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' असे नाव दिले. गोवा ही वसाहत नव्हेच, तो पोर्तुगालचाच भाग, तेव्हा सोडून जाण्याचा प्रश्न येतोच कुठे, असा तो युक्तिवाद! बोलणी खुंटली, आणि १९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली.

मग १९५४ चा पावसाळा आला. २२ जुलैला दादरा मुक्त झाले, आणि २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. या मोहिमेत आपल्याकडची माणसे होती. संगीतकार सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते, पुढे शिवचरित्रकार म्हणून घरोघर पोचलेले बाबासाहेब पुरंदरे होते. दमणच्या पोर्तुगिजांना तिकडे शिपाई धाडायचे होते, पण मधल्या वाटेत भारत उभा होता, आणि भारताने 'जा बाबा' म्हणण्याचे नाकारले. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगला फिर्याद लावली. आमच्या मुलखात जाण्याची आमची वाट भारताने अडवली, अशी ती तक्रार होती.

तोवर गोव्याच्या सरहद्दीवर आग पेटली होती. पुणे हे या लढ्याचे ठाणे. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. सेनापतींचे नाव निघाले की आम्हा मावळच्या लोकांना शेजारच्या मुळशीचा सत्याग्रह आठवतो. धरणाखाली जाणाऱ्या गावांसाठी १९२१ पासून झगडलेला हा माणूस पंचाहत्तरीला टेकला असताना पुन्हा उभा राहिला. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही नि:शस्त्र आत गेले, आणि पोर्तुगीज शिपायांच्या गोळ्यांनी त्यांतले कित्येक मरण पावले. त्यानंतर दोन्ही बाजूंची दारे घट्ट मिटली. गोदी कामगारांनी गोव्याच्या मालावर आधीच बहिष्कार घातला होता. आता आगगाडी थांबली, आणि १ सप्टेंबरला गोव्यातली भारताची वकिलातही उठली. बेळगावचा भाजीपाला गोव्याला मिळेना. तिथे बटाटे आले ते हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि सिमेंट जपानहून! खाणींतले लोखंडाचे दगड परदेशी जात होते, म्हणून हे परवडले.

या कोंडीतून वर निघण्यासाठी पोर्तुगिजांनी आकाशाकडे पाहिले. गव्हर्नर जनरल बेनार्ड गेदेस यांच्या कारकिर्दीत मुरगावजवळ दाभोळीच्या पठारावर विमानतळ झाला. दमण आणि दीव इथेही धावपट्ट्या बांधल्या गेल्या. आणि १९५५ मध्ये 'ट्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंडिया पोर्तुगेझा' या लांबलचक नावाची कंपनी उभी राहिली. साध्या भाषेत, पोर्तुगीज हिंदुस्थानची हवाई वाहतूक. लोक तिला आद्याक्षरांनी टी.ए.आय.पी. म्हणत.

तिची पहिली विमाने होती डी हॅविलँड कंपनीची 'हेरॉन'. चार छोटी एंजिने आणि पोटात जेमतेम पंधरा-सतरा माणसे; आपल्या एस. टी.च्या निम्मीदेखील नव्हेत. आखूड धावपट्टीवर उतरण्याजोगे हे विमान अशा कामाला सोयीचे. गोव्याहून दमण सरळ रेषेत सुमारे पावणेसहाशे किलोमीटर, दीव साडेसहाशेच्या पुढे. तिन्ही ठिकाणे समुद्राला लागून असल्यामुळे अरबी समुद्रावरून जाणारी वाट सापडली, आणि ज्या तुकड्यांना जमीन जोडू देत नव्हती ते विमानाने जोडले. चौथ्या तुकड्याला, म्हणजे दादरा-नगर हवेलीला, मात्र या युक्तीचा काडीचा उपयोग नव्हता. चारी बाजूंनी भारत आणि डोक्यावर भारताचेच आकाश. तिथे विमान जाणार कोणत्या वाटेने?

कंपनी वाढत गेली. हेरॉनच्या मागून व्हायकर्स कंपनीची 'व्हायकिंग' विमाने आली, आणि पुढे चार एंजिनांची अमेरिकन डी.सी. ४ आली. कराचीला फेऱ्या सुरू झाल्या. तिथे गोवेकरांची मोठी वस्ती होती, आणि बाहेरच्या जगाचे दारही तेच होते. पुढे तर कराचीवरून थेट लिस्बनपर्यंत मजल गेली. पाचसहा वर्षांपूर्वी सतरा उतारू घेऊन दमणला जाणारी कंपनी आता युरोपला जाऊ लागली. हिशेबाच्या वहीत पाहिले तर ही भरभराटच म्हणायची.

पण विमान कंपनीची वही वाचताना एक रकाना वाचायचा राहून जातो. तिने कुणाला नेले याची नोंद असते. कुणाला नेले नाही, याची नसते.

लोणावळ्यात आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. सारी आळी त्यांना माई म्हणे. माहेर मडगावचे; १९५२ साली लग्न होऊन त्या मुंबईला आल्या, आणि यजमानांच्या नोकरीपायी पुढे लोणावळ्याला. पहिल्या दोन वर्षांत त्या एकदा माहेरी जाऊन आल्या, आणि मग सरहद्द मिटली. परवान्यासाठी अर्ज करावेत, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावेत, उत्तराची वाट पाहावी, असे चालले असतानाच १९५७ मध्ये त्यांची आई गेली. ती बातमीही त्यांना कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आलेल्या चिठ्ठीतून, तेरावा उलटून गेल्यावर कळली. त्याच चिठ्ठीत भावाने लिहिले होते, की इथून आता कराचीला विमान जाते. माई हे सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात राग नसे, नवलच असे. "अरे, मला कराचीला कुठे जायचे होते? मला मडगावला जायचे होते!"

मुंबई आणि गोवा यांच्यामध्ये विमानाने सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. कराचीचा वळसा घालून जायचे तर हजाराहून कितीतरी अधिक मैल. आणि तोही ज्याच्या गाठी पैसा आणि कागदपत्रे असतील त्याच्यापुरता. मुंबईतल्या कुडाच्या खोल्यांत राहून दरमहा घरी मनिऑर्डर करणाऱ्या हजारो गोवेकर खलाशांना, आचाऱ्यांना, वाजंत्र्यांना ती वाट नव्हतीच. ज्या कंपनीने तीन तुकडे जोडले, तिच्या आकाशमार्गाखाली माणसांच्या खऱ्या वहिवाटा गवत वाढून बुजत चालल्या होत्या.

इकडे हेगचा निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. मराठीच्या मास्तराने तो मुद्दाम वाचावा असा आहे. पेशव्यांच्या सनदांनी पोर्तुगिजांना काय दिले, हा त्यातला एक प्रश्न होता. न्यायालय म्हणाले, मुलखाचे स्वामित्व नव्हे. दिला तो वसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. पुण्याच्या दफ्तरातला शब्द हेगच्या न्यायासनावर असा तोलला गेला! मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांची सत्ता मानली, आणि सव्वाशे वर्षे जी ये-जा चालली तिच्यातून एक हक्क निपजला, हेही न्यायालयाने मान्य केले. पण कुणाचा हक्क? साध्या माणसांचा, मुलकी कामगारांचा आणि मालाचा. फौजेचा, सशस्त्र पोलिसांचा, दारूगोळ्याचा नव्हे. कारण ते नेताना दर वेळी परवानगी मागितली जात असे, आणि जिथे परवानगी मागावी लागते तिथे वहिवाट नसते. शिवाय १९५४ च्या तणावात भारताने वाट अडवली ती आपल्या अखत्यारात राहूनच, असाही निर्णय झाला. वडगावच्या कचेरीतला एखादा जाणता मामलेदार याहून वेगळे काय बोलला असता?

न्यायालयाने सांगितलेले तत्त्व दोन्ही पक्षांना लागू होते. वहिवाट माणसांची असते, बंदुकीची नसते. पोर्तुगीज सत्तेला माणसांची वाट बंदुकीच्या जोरावर राखायची होती, आणि तिथेच तिचा हिशेब चुकला.

शेवट आला डिसेंबर १९६१ मध्ये. १८ तारखेच्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून बारा कॅनबेरा विमाने उडाली आणि त्यांनी दाभोळीची धावपट्टी बाँबफेकीने उखडली. मागोमाग दुसरी तुकडीही आली. विमानतळाच्या इमारतींना मात्र धक्का लागला नाही, आणि तिथे उभी असलेली दोन उतारू विमाने शाबूत राहिली. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन, दुसरे आपल्या या गोव्याच्या कंपनीचे डी.सी. ४. त्या रात्री धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने बुजवण्यात आला. अधिकाऱ्यांची बायकामुले विमानांत भरली गेली. आधी कॉन्स्टेलेशनने जेमतेम सातशे मीटर धावून झेप घेतली. उडालेल्या खड्यांनी त्याच्या अंगाला भोके पडली. पाठोपाठ कंपनीचे संचालक मेजर सोलानो द आल्मेदा यांनी स्वतः डी.सी. ४ उडवले. अंधारात, समुद्राच्या पाण्याला लगटून दोन्ही विमाने कराचीला निसटली. १९ डिसेंबरला गोव्याने पोर्तुगीज अंमलाचा निरोप घेतला, आणि ती विमान कंपनीही संपली. सहा-साडेसहा वर्षांचे आयुष्य. ज्या कंपनीने आपली माणसे आणण्यासाठी जन्म घेतला, तिचे अखेरचे उड्डाण आपली माणसे काढून नेण्यासाठी झाले.

योगायोग पाहा. गोव्याची कंपनी निघाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९५६ मध्ये, वेस्ट इंडीजमध्ये अशीच एक चिमुकली कंपनी निघाली. माँटसेरात आणि अँटिग्वा या बेटांदरम्यान फ्रँक डेलाइल नावाच्या गृहस्थाने एक लहानसे विमान सुरू केले. तिचे नाव 'लीवर्ड आयलंड्स एअर ट्रान्सपोर्ट', म्हणजे 'लियाट'. तिथेही तुकडे तुकडे मुलूख, आणि तिथेही एका बेटावर ब्रिटिश निशाण तर दुसऱ्यावर फ्रेंच किंवा डच. पण त्या बेटांमध्ये पाणी होते, वैर नव्हते. शिक्षक, नर्सा, व्यापारी, लग्नाची वऱ्हाडे, क्रिकेटचे संघ सारे त्याच विमानाने जात. ती विमाने वेळेवर येत नाहीत म्हणून लोक थट्टा करीत, पण जात त्यांतूनच. सरकारे बदलली, बेटे स्वतंत्र झाली, कंपनी कर्जात बुडाली. तरी साठ वर्षांवर ती तगली, आणि २०२४ च्या जानेवारीत बंद पडली तेव्हा बेटाबेटांवर हळहळ झाली. त्याच वर्षी तिच्याच नावाची नवी कंपनी उडू लागली. विमाने दोन्हीकडे सारखीच लहान. एकीकडे वहिवाटीवरून वाट निघाली, दुसरीकडे वहिवाट मोडून.

आता दाभोळीचा विमानतळ नौदलाकडे आहे, आणि उतारूंची विमानेही तिथे उतरतात. उत्तर गोव्यात मोपा येथे दुसरा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू झाला आहे. दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली यांचा २०२० पासून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. पोर्तुगिजांना न साधलेली गोष्ट अशी सहज घडली, कारण आता मधल्या वाटेवर परका कुणी उभा नाही. तरी खंबातचे आखात आहे तिथेच आहे, आणि दमणहून दीवला जायचे तर जमिनीवरून मोठा वळसा पडतो. म्हणून २०१८ मध्ये या दोहोंमध्ये हेलिकॉप्टरची सेवा सुरू करण्यात आली. देशात जागोजागी छोट्या गावांना विमानाने जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. फेऱ्या थाटाने सुरू होतात, काही टिकतात, काही उतारूंवाचून थांबतात. धावपट्टी बांधणे हे सरकारचे काम, विमान आणणे कंपनीचे; पण वहिवाट पाडणे हे उतारूंचे काम आहे, आणि ते हुकमाने होत नसते.

या दिवाळीच्या सुट्टीत पुण्यामुंबईची किती कुटुंबे गोव्याला जातील, कोण मोजणार? कुणी मोटारीने, कुणी कोकणच्या गाडीने, कुणी विमानाने. सरहद्दीच्या जागी आता कुणी सामान उचकटत नाही, परवाना मागत नाही; ती कुठे होती हेही मुलांना ठाऊक नसते. ठाऊक नसावे हेच बरे. पण गाडी पत्रादेवीला पोचली, की तिथे गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींची आठवण वडीलधाऱ्यांनी एवढी एक वेळ मुलांना जरूर सांगावी. ही वाट आपल्याला आयती मिळालेली नाही. ती जाऊन येऊन राखायची असते.